हौदाची किल्ली

फॉर्मवर एक प्रश्न होता : शरीरात किंवा अंगावर कुठं धातू आहे का? यजमानांनी चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून तो दोनदा वाचला आणि समोर लिहिलं, 'नाही'. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं अनुरेखक म्हणून नकाशे उतरवलेल्या माणसाचं अक्षर होतं ते. त्या 'नाही'वरची रेघसुद्धा पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. अंगठी घरी काढून ठेवली होती, कमरेचा पट्टा माझ्या पिशवीत होता, कवळी रुमालात. जानव्याला बांधलेली किल्ली त्यांच्या लक्षात आली नाही. माझ्याही आली नाही. वर्षानुवर्षं ती तिथंच होती. ती आता वस्तू राहिली नव्हती, अंगाचाच भाग झाली होती.

ती किल्ली आमच्या हौदाची.

निवृत्तीनंतर आम्ही औरंगपुऱ्यातलं भाड्याचं घर सोडून पडेगावला रो-हाउस घेतलं. तेव्हा दौलताबादच्या रस्त्यानं शहर रोज थोडं थोडं पुढं सरकत होतं. आज ज्वारीचं धांड उभं असलेल्या जागी उद्या चुन्याच्या रेघा, परवा फलक. बिल्डरनं वर्षाच्या आत नळाचं पाणी येईल असं सांगितलं होतं. आमच्या गल्लीत अठरा घरं. सगळ्यांचं मिळून एक बोअर आणि फाटकाशेजारी जमिनीत बांधलेला एक मोठा हौद. हौदातून मोटारीनं पाणी ज्याच्या त्याच्या टाकीत जायचं. पहिल्याच दुष्काळात बोअर आटलं आणि टँकर सुरू झाले. लातूरला रेल्वेनं पाणी नेलं त्या वर्षापर्यंत आम्हाला टँकरची इतकी सवय झाली होती, की नळ ही दुसऱ्या कुठल्या तरी गावची गोष्ट वाटायची.

टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. कधी पाचव्या, कधी सहाव्या. पूर्ण रिकामा न करताच चालक तोटी बंद करतो, अशी गल्लीत रोज भांडणं. यांनी एक वेळूची काठी तासून घेतली, तिच्यावर नकाशाच्या शाईनं बोटाबोटावर खुणा केल्या. टँकर येण्याआधी काठी हौदात उभी करायची, टँकर गेल्यावर पुन्हा. ओली खूण कुठवर आली ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. भांडणं थांबली. मग एका सकाळी पाणी चार बोटं उतरलेलं दिसलं, कुणी उपसलं ते कळलं नाही, तेव्हा झाकणाला कुलूप आलं आणि किल्ली यांच्या जानव्यात गेली. माझ्या सासऱ्यांच्या जानव्याला देवघराच्या पेटीची किल्ली असे. यांच्या जानव्याला हौदाची.

शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहत. मूळचे अजिंठ्याकडचे, घरची शेती भावाकडे. ते यांना साहेब म्हणत आणि मला वहिनी. "साहेब, खात्यात असताना धरण नाय बांधलं तुम्ही, पण आमचा हौद लई इमानानं सांभाळता बघा," असं ते म्हणाले की हे हसत. त्यातला टोमणा यांना कळत असे. पण तो आवडतही असे.

लातूरच्या त्या रेल्वेच्या वर्षी उन्हाळा लागताच हे दर तासाला लघवीला उठू लागले. जायचे, बराच वेळ उभे राहायचे, परत यायचे, आणि पुन्हा. आम्ही दोघांनीही त्याचं कारण ठरवून टाकलं होतं : पाणी कमी पिण्यात येतंय. आणि ते खरंच होतं, हे मुद्दाम कमी पीत. प्यायला पाणी नव्हतं असं नाही. पण हौद ज्याच्या ताब्यात, त्यानं एक तांब्या तरी कमी वापरावा, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. गल्लीत निम्म्या लोकांना उन्हाळी लागली होती. ज्याला त्याला कोथिंबिरीचं पाणी, सब्जा. त्या सगळ्यांत यांचं दुखणंही मिसळून गेलं. एरवी घरात कुणी विचारलं असतं, हे काय चाललंय? दुष्काळात कुणी विचारत नाही. तिथं प्रत्येक गोष्टीला एकच कारण असतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं. त्यात प्रोस्टेटचा पीएसए अठरा आला. तो आकडा चांगला की वाईट हेही मला कळलं नाही. मी शाळेत ग्रंथपाल होते. पुस्तक कुठल्या कपाटात ते मला सांगता येई, आत काय लिहिलंय ते सगळंच कळे असं नव्हे. क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात लघवीच्या विकारांचे एक तरुण डॉक्टर बसत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी संसर्गाच्या गोळ्या दिल्या, काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. आकडा वीसच्या वर गेलेला. मग त्यांनी बोटानं तपासलं. हे बाहेर आले तेव्हा माझ्याकडे न बघता शर्ट खोचत होते.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. अक्रोडाएवढी प्रोस्टेटची ग्रंथी, तिच्याभोवती पातळ आवरण.

"हा आकडा म्हणजे नुसता संशय आहे," ते म्हणाले. "ग्रंथी वाढली तरी चढतो, सूज आली तरी चढतो. पण माझ्या बोटाला एका बाजूला कडक लागलं. म्हणून लगेच सुईनं तुकडा काढण्याआधी एमआरआय करू. जागा कुठली ते दिसेल. आणि समजा तसलं काही असलंच, तर ते अजून या आवरणाच्या आत आहे की बाहेर गेलंय, हे मला बघायचंय. आत असेल तर पुष्कळ करता येतं."

"म्हणजे बांध शाबूत आहे की नाही ते," हे म्हणाले.

"अगदी बरोबर. म्हणून उशीर नको."

रिक्षात हे ती चिठ्ठी उलटसुलट करून बघत होते. पडेगाव आल्यावर म्हणाले, "हुशार आहे पोरगा. चित्र मात्र वाईट काढतो."

एमआरआयची तारीख चैत्रातल्या एका मंगळवारची मिळाली, साडेअकराची. टँकर त्याआधी गुरुवारी येऊन गेला होता, म्हणजे पुढचा सोमवारी यायला हवा. सोमवारी आला नाही. हौदात वीतभर पाणी उरलं होतं, खालचा गाळ दिसत होता. मंगळवारी सकाळी चालकाचा फोन आला : अकराला पोचतो.

हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. काठी दाराआड उभी होती. त्यांनी एकदा काठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"किल्ली शेजारी देऊन जाऊ या का?" मी विचारलं.

"त्यांना काठी वाचता येत नाही."

"मग?"

"मग काय. अठरा घरं आहेत."

आतून मला काय वाटलं ते आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना नव्हे, मला. आठ दिवस मी त्या 'आत की बाहेर'च्या विचारानं पुस्तकाचं एक पान धड वाचू शकले नव्हते. आज कळणार नाही, आज संध्याकाळी आपण रोजच्यासारखा चहा पिऊ, एवढं समजलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. मी स्वतःच फोन उचलला. तपासणी केंद्रातल्या मुलीला सांगितलं, यजमानांना ताप आहे, येता येणार नाही. ती म्हणाली, पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे, चालेल ना? मी चालेल म्हणाले. जन्मात खोटं न बोललेल्या बाईला ते इतकं सहज जमलं.

डॉक्टरांची चिठ्ठी मी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली. ते पुस्तक मी पुढं उघडलं नाही.

हे फाटकाशेजारच्या कट्ट्यावर जाऊन बसले. गुडघ्यांत काठी, डोक्यावर टॉवेल. अकरा वाजले, बारा वाजले. दर अर्ध्या तासानं उठून घरात येत, मोरीकडे जात, परत कट्ट्यावर. शेजारचे ड्रायव्हर त्यांच्या दारात खाट टाकून पडले होते. चौथ्या-पाचव्या फेरीला म्हणाले, "साहेब, टँकरची वाट कशापायी बघायची? तुमच्या एकट्याच्या जिवावर भरतोय की आज हौद."

हे हसले. मीही दारात उभी राहून हसले. तो विनोद मला पाठ आहे. ते हसणंही.

पाच वाजेपर्यंत हे बसून होते. टँकर आला नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आला, आणि त्या दिवशी आम्हाला कुठंच जायचं नव्हतं.

तीन आठवड्यांनंतरची तारीखही गेली. का गेली ते नीटसं आठवत नाही. आठवू नये असंच काहीतरी असेल. मग हे म्हणाले, "पाऊस पडू दे, टँकरची कटकट कमी होईल, मग जाऊ." मी बरं म्हणाले. पाऊस झाला. उशिरा का होईना, चांगला झाला. पण पडेगावला नळ नव्हताच, त्यामुळे टँकर सुरूच राहिला आणि कारणही. मुलगी परदेशात असते, तिचा दर रविवारी फोन येई. "बाबांचा एमआरआय झाला का?" मी सांगे, मशीन बिघडलंय. पुढच्या रविवारी, दुरुस्तीचा माणूस मुंबईहून यायचाय. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. हे शेजारी बसून पेपर वाचत असत. मी काय सांगते ते त्यांना ऐकू येई. पेपर खाली होत नसे.

गौरी उठल्या त्या रविवारी मुलगी म्हणाली, "आई, पाच महिने कुठलं मशीन बंद असतं?"

ती रडायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच सुमाराला हौदात काठी उभी करताना यांनी कमरेवर हात ठेवायला सुरुवात केली होती. खाली वाकत, आणि उठताना झाकणाच्या कडेला धरून उठत. मी पाहत होते. म्हटलं, वय झालं.

तिच्या त्या रडण्यानंतर आम्ही तपासणीला गेलो. तर तो फॉर्म, आणि त्यावरचं ते 'नाही'.

आत नेण्याआधी निळ्या कपड्यांतल्या तंत्रज्ञ मुलीनं यांच्या अंगावरून हातातलं यंत्र फिरवलं. छातीशी ते वाजलं.

"आजोबा, काय आहे आत?"

हे गोंधळून माझ्याकडे बघू लागले. त्यांना दिलेल्या सैल झग्याच्या गळ्यातून मी हात घातला आणि किल्ली हाताला लागली. घामानं गाठ दगडासारखी झाली होती. मुलगी कात्री आणते म्हणाली. यांनी मान हलवली. जानवं कापायचं नाही. मी खाली वाकले आणि दातांनी गाठ सोडवली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या छातीशी मी चार लोकांसमोर तोंड नेलं ते तेवढंच. किल्लीची लोखंडी चव बराच वेळ जिभेवर होती.

"सांभाळ," हे म्हणाले, आणि आत गेले. दार बंद झालं.

बाहेरच्या खुर्चीवर मी किल्ली मुठीत धरून बसले. भिंतीतून आवाज येऊ लागला, ठक ठक ठक, मग घर्र, मग थांबून पुन्हा ठक ठक. त्या वर्षी अख्ख्या गावात हाच आवाज होता. जो तो बोअर पाडत होता, दोनशे फूट, चारशे फूट, खाली कोरडा भुगा.

पंधरा-वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. शेजारचे ड्रायव्हर.

"वहिनी, किल्ली कुठंय?"

"माझ्याजवळ."

"अन् तुम्ही कुठं?"

"दवाखान्यात. यांना आत घेतलंय."

"आरं देवा. टँकर आलाय ना इथं. आज यायचा नव्हता, पण आलाय. थांबत नाय म्हणतोय."

आतून ठक ठक चालू होतं. तिकडे फोनवर टँकरच्या इंजिनाचा आवाज, बायकांची गडबड.

"काय करू वहिनी? कुलूप फोडू?"

"फोडा," मी म्हणाले.

त्यांनी फोन बंद केला नव्हता. मला सगळं ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, हा घे, मोठा आहे. एक घाव बसला. दुसरा घालावा लागला नाही. झाकण सरकल्याचा आवाज, लगेच पाण्याचा. ड्रायव्हर मोठ्यानं म्हणाले, "झालं वहिनी. काय काळजी करू नका. साहेबाचं नीट होऊ द्या."

एका दगडात. काठी कुणी हौदात घातली नाही, कुणी मागितली नाही. पाणी नेहमीएवढंच भरलं असणार. आम्ही पाच महिने ज्यासाठी घरी बसलो, ते आमच्यावाचून पाच मिनिटांत झालं होतं. त्या खुर्चीवर मला पहिल्यांदा रडू फुटलं, आणि समोरच्या बाईला वाटलं मी आतल्या माणसासाठी रडतेय. तिनं मला पाणी दिलं.

हे बाहेर आले तेव्हा हाताला सुईच्या जागी कापूस होता. चेहरा पांढरा.

"बोअर घेतल्यासारखं वाटलं अंगात," ते म्हणाले. "विचार त्यांना, किती फुटांवर लागलं."

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. टँकरचं सांगितलं. कुलूप फोडल्याचंही. त्यांनी किल्ली उलटी करून पाहिली, सदऱ्याच्या खिशात टाकली. जानव्याला ती पुन्हा बांधली नाही.

दोन दिवसांनी फिल्म आणि रिपोर्ट मिळाला. लिफाफा डॉक्टरांकडे न्यायचा होता, पण यांनी तो घरीच उघडला. काळी फिल्म खिडकीच्या काचेला लावली आणि तिच्यापुढं उभे राहिले, कचेरीत नकाशापुढं उभे राहायचे तसे, हात मागं बांधून. सोळा लहान लहान चौकटी. मला नुसतं करडं-पांढरं धुकं दिसत होतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, टोक न टेकवता एका चौकटीवरून हळूहळू फिरवत नेली. गोलावरून पेन्सिल सरळ गेली, वळली, खाली उतरली आणि एका जागी थांबली.

"ही रेघ इथं तुटली आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"रेघ कळते."

पेन्सिल त्यांनी परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "चहा टाक."

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत. संशयाची पायरी पाचपैकी पाच. आवरण ओलांडलेलं, मागच्या बाजूला पसरलेलं, आणि खुब्याच्या हाडात एक ठिपका. सुईची तपासणी करावीच लागेल, पण आता ती नुसती खात्रीसाठी. शस्त्रक्रिया नाही. इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत, औषधांनी काही काळ थोपवता येईल. ते बोलत होते आणि हे मान हलवत होते, शाळेतल्या गुणी मुलासारखे.

हे लघवीला गेले तेव्हा मी विचारलं, "डॉक्टर, चैत्रात आलो असतो तर?"

ते थोडा वेळ फाइल बघत राहिले. फाइलवर चिठ्ठीची जुनी तारीख होती, ती त्यांना दिसली असणार.

"असं मागं जाऊन सांगता येत नाही, मॅडम," ते म्हणाले. "तेव्हाही कदाचित हेच दिसलं असतं."

कदाचित. या शब्दाला धरून मी किती दिवस काढले. कधी तो माझ्या बाजूनं साक्ष देतो, कधी विरुद्ध. तेव्हा दिसलं असतं का, हे जगात कुणालाच आता कळणार नाही, कारण बघण्याचा दिवस मी एका फोनवर घालवला.

हे त्यानंतर दोन वर्षांहून थोडं कमी जगले. मध्ये एक हिवाळा बरा गेला, आकडा खाली आला होता, आम्ही संध्याकाळी फाटकापर्यंत चालत जायचो. हौदाला नवं कुलूप आलं होतं, किल्ली ड्रायव्हरांच्या दारातल्या खिळ्याला अडकवलेली असे, ज्याला हवी त्यानं घ्यावी. काठी आमच्या दाराआडच होती. कुणी मोजत नव्हतं. भांडणं पुन्हा सुरू झाली होती, पण पाणी पूर्वीसारखंच कधी कमी, कधी पुरेसं येत होतं. हे कट्ट्यावर बसून बघत. मग हाडं दुखायला लागली, आणि पुढचं लिहिण्यासारखं नाही.

शेवटच्या महिन्यात पाऊस पुन्हा गेला होता आणि टँकर पुन्हा सहाव्या दिवसावर. एका दुपारी मी त्यांचे पाय पुसत होते. फडकं पिळायला वाटीभरच पाणी घेतलेलं.

"थोडं जास्त घे," ते म्हणाले. "आता कशाला राखायचं."

मी आणखी वाटीभर घेतलं. पाय पुसून झाल्यावर ते बराच वेळ छताकडे बघत होते. झोप लागली असं वाटलं तेवढ्यात म्हणाले, "त्या मंगळवारी तू फोन केलास ते बरं केलंस. मला जायचंच नव्हतं. टँकरचं निमित्त होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

म्हणजे इतके दिवस ते मला सांभाळत होते. त्यांना वाटत होतं, मी टँकरवर विश्वास ठेवून फोन केला, आणि दोष त्यांचा.

त्यांना जायचं नव्हतं, हे मला त्या मंगळवारीच कळलं होतं. त्यांनी काठीकडे पाहिलं तेव्हाच. मी एक शब्द रागावून बोलले असते तर ते उठून रिक्षात बसले असते, माझं त्यांनी कधी मोडलं नाही. मी बोलले नाही, कारण मलाही जायचं नव्हतं. हे तेव्हा तरी त्यांना सांगायला हवं होतं. म्हणजे ते एकट्यानं तो दोष घेऊन गेले नसते, अर्धा माझ्याकडे ठेवून गेले असते.

मी म्हणाले, "बरं."

आणि वाटीतलं उरलेलं पाणी, टाकवेना म्हणून, तुळशीला घालायला बाहेर गेले.